कंट्रोल १ धरायला लावू नका: जीवविज्ञान नियतकालिकांच्या संपादकांना आणि परीक्षकांना खुले पत्र

आदरणीय संपादक आणि परीक्षक,

सप्रेम नमस्कार.

नुकतेच आमच्या गटाच्या एका लेखावरचे अभिप्राय हाती आले. लेखातला प्रश्न साधा होता: औषध दिल्यावर पेशींमधल्या एका प्रथिनाचे प्रमाण वाढते का, आणि वाढत असेल तर किती? पेशी सहा वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे वाढवल्या होत्या. प्रत्येक वेळचा कंट्रोल (औषध न दिलेले सॅम्पल) आणि औषध दिलेले सॅम्पल एकाच जेलवर चालवले होते. आकृतीत प्रत्येक प्रयोगाचा वेगळा ठिपका होता, जोडीतले ठिपके रेषेने जोडले होते, शेजारी वाढीचा अंदाज आणि त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरी वाढ ज्या मर्यादांत असावी तो पल्ला, दिला होता. परीक्षकांनी लिहिले की ठिपके काढून रूढ पद्धतीने स्तंभालेख द्यावा, कंट्रोल १ धरावा, सार्थकता (फरक निव्वळ योगायोगाचा नसावा, हा सांख्यिकी कौल) ताऱ्यांनी दाखवावी, आणि बाकीच्यांशी न जुळणारा एक प्रयोग वगळण्याचा विचार करावा. संपादकांनी या सूचना ‘आवश्यक बदल’ या मथळ्याखाली जशाच्या तशा आमच्याकडे पाठवल्या.

आम्ही लेख मागे घेतला. त्या नियतकालिकाचे नाव मी घेत नाही, कारण हा त्या एका नियतकालिकाचा दोष नाही. अशाच सूचना मी इतर ठिकाणीही पाहिल्या आहेत, सहकाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. त्या सद्भावनेने केलेल्या असतात, हेही मला मान्य आहे. पण त्या चुकीच्या आहेत आणि त्या पाळल्याने विज्ञानाचे नुकसान होते. ते गप्प बसून मान्य करणे मला शक्य नाही.

माझा यात संबंध काय, तेही सांगते. प्रथिनांचे मोजमाप हे माझे रोजचे काम. माझ्याकडे येणारे विद्यार्थी आपल्या प्रबंधाची दिशा तुम्ही छापलेल्या ब्लॉटवरून, म्हणजे प्रथिनांच्या पट्ट्यांच्या चित्रांवरून, ठरवतात. अमुक प्रथिन दुप्पट होते असे एखाद्या लेखात दिसले की त्यावर पुढचा प्रयोग रचला जातो, अँटिबॉडी मागवल्या जातात, महिनोन्‌महिने जातात. मग ती दुप्पट वाढ दिसत नाही. मूळ लेखकांना विचारले तर ब्लॉटच्या मूळ फिल्म जपून ठेवलेल्या नसतात, आणि आकृतीखालच्या ‘एन = ३’ (एन म्हणजे पुनरावृत्तींची संख्या) मधले तीन म्हणजे नेमके काय, ते कोणालाच आठवत नसते. विद्यार्थी मात्र स्वतःच्याच हाताला दोष देत बसतो.

प्रयोगशाळेबाहेरचे वाचकही हे वाचतील, म्हणून थोडी पार्श्वभूमी. प्रथिने एसडीएस या द्रव्यात उलगडून पॉलिॲक्रिलमाइडच्या जेलमधून विजेच्या दाबाने ओढली की आकारानुसार वेगळी होतात. आजही चालते ती पद्धत उलरिश लेम्ली यांनी १९७० साली प्रसिद्ध केली. १९७९ मध्ये हॅरी टोबिन आणि सहकाऱ्यांनी जेलमधली प्रथिने पटलावर उतरवून अँटिबॉडीने ओळखण्याची रीत दाखवली. तिलाच आपण वेस्टर्न ब्लॉट म्हणतो. प्रथिन आहे की नाही, असेल तर किती आकाराचे, याची उत्तरे ही पद्धत उत्तम देते. ‘किती आहे’ हा प्रश्न मात्र वेगळा. त्यासाठी पट्ट्याचा गडदपणा मोजावा लागतो, आणि त्या आकड्यामागे लोडिंग (जेलमध्ये सॅम्पल भरणे), हस्तांतरण (प्रथिने पटलावर उतरवणे), अँटिबॉडी, कॅमेरा आणि मोजणारा माणूस या सगळ्यांची चूक साठलेली असते. आकडा छापायचा तर ही साठलेली चूकही त्याच्याबरोबर छापली पाहिजे. तुमच्या रूढ पद्धतीत नेमकी तीच दिसेनाशी होते.

सर्वांत मोठी तक्रार कंट्रोल १ धरण्याची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. वेगवेगळ्या ब्लॉटवरचे कच्चे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत, हे खरे. एका दिवशी कॅमेऱ्याने जास्त वेळ प्रकाश घेतला की सगळे पट्टे गडद येतात. म्हणून प्रत्येक ब्लॉटवर औषधाच्या पट्ट्याला त्याच ब्लॉटवरच्या कंट्रोलने भागतात. भागाकाराला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यानंतरच्या पायरीला. समजा, तीन प्रयोगांत गुणोत्तरे १.७, १.२ आणि १.५ आली. कंट्रोलचे आकडे आता १, १, १ झाले, त्यांच्यातला फरक शून्य. हे दोन गट सॉफ्टवेअरमध्ये घालून नेहमीची दोन गटांची टी-चाचणी केली की टी येतो ३.२१ आणि पी, म्हणजे औषधाचा परिणाम नसतानाही योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता, येते ०.०३. ती ०.०५ या रूढ मर्यादेखाली, म्हणून तारा मिळाला. पण कंट्रोलचे ते तीन आकडे आपण मोजलेलेच नाहीत, ते आपणच ठरवून दिले आहेत. आपल्याकडे खरी माहिती तीनच गुणोत्तरांची आहे. ती १ पेक्षा वेगळी आहेत का, ही एका गटाची चाचणी केली तर टी तोच, ३.२१. डिग्रीज ऑफ फ्रीडम (हिशेबातल्या स्वतंत्र माहितीची संख्या) मात्र चारऐवजी दोन होतात आणि पी होतो ०.०८. पेशी त्याच, जेल तेच, मोजमाप तेच. तारा आला तो फक्त न मोजलेल्या तीन आकड्यांना मोजलेले म्हटल्यामुळे.

गुणोत्तरांचा आणखी एक स्वभाव आहे. दुप्पट म्हणजे २ आणि निम्मे म्हणजे ०.५. बदल दोन्हीकडे सारखाच, पण १ पासूनचे अंतर एकीकडे १ आणि दुसरीकडे ०.५. म्हणून गुणोत्तरांचा आधी लॉग घ्यावा, म्हणजे दुप्पट आणि निम्मे दोन्ही शून्यापासून सारख्याच अंतरावर येतात. वरच्याच तीन गुणोत्तरांचा लॉग घेऊन हिशेब केला तर वाढीचा अंदाज १.४५ पट येतो आणि ९५ टक्के विश्वास-अंतराल साधारण ०.९४ ते २.२५ पट. म्हणजे या तीन प्रयोगांवरून प्रथिन किंचित घटले असेल, बदललेच नसेल किंवा दुपटीहून जास्त झाले असेल, यांपैकी काहीच नाकारता येत नाही. लेखात हे वाक्य यायला हवे होते. तुमच्या रूढ पद्धतीने छापले जाते ते ‘प्रथिन लक्षणीय वाढले’.

यालाच लागून एन चा प्रश्न येतो. एकाच डिशमधल्या पेशींचा अर्क जेलच्या तीन लेनमध्ये (उभ्या रांगांमध्ये) लोड केला, किंवा एकच अर्क तीन ब्लॉटवर चालवला, की त्याला सर्रास एन = ३ म्हटले जाते. एकाच माणसाचा रक्तदाब तीनदा मोजून तीन माणसांचा रक्तदाब कळत नाही, तसेच हे आहे. अशा तांत्रिक पुनरावृत्तींमधून आपला हात किती स्थिर आहे ते कळते. पेशी औषधाला कशा प्रतिसाद देतात ते फक्त स्वतंत्रपणे वाढवलेल्या, स्वतंत्रपणे औषध दिलेल्या सॅम्पलमधूनच कळते. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसरशास्त्रातले प्रयोग तपासून या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन असे नाव दिले, आणि तेव्हापासून ती सांख्यिकीच्या वर्गात शिकवली जाते. तरीही तुमच्याकडे येणाऱ्या लेखात एन म्हणजे डिश, जनावर, लेन की ब्लॉट, हे लिहिणे आजही बऱ्याच ठिकाणी लेखकाच्या मर्जीवर सोडलेले असते. तांत्रिक पुनरावृत्ती असतील तर आधी त्यांची सरासरी काढा, किंवा जेल आणि सॅम्पल यांचा वेगळा हिशेब ठेवणारे मिश्र-परिणाम मॉडेल वापरा, एवढे सांगायला एक ओळ पुरेशी आहे.

तीनच प्रयोग असले की काय काय सिद्ध करता येत नाही, याकडेही परीक्षकांनी बघावे. दोन गटांत तीन-तीन आकडे असताना मान-व्हिटनी या आकड्यांच्या क्रमावर आधारलेल्या चाचणीत ०.०५ पेक्षा कमी द्विपक्षी पी-मूल्य येऊच शकत नाही. सहातून तीन निवडण्याचे मार्ग २०, दोन्ही टोकांच्या मांडण्या मिळून दोन, म्हणजे कमीत कमी ०.१. तरीही ‘एन = ३, मान-व्हिटनी, पी < ०.०५’ असे वाक्य परीक्षणातून सुटून छापले गेलेले मी वाचले आहे. टी-चाचणी अशा वेळी चालते, पण तीन-तीनच्या गटांत ८० टक्के खात्रीने फरक पकडायचा तर तो फरक प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्या मापाच्या) सुमारे तिप्पट असावा लागतो. एवढा ठळक बदल बहुतेक प्रथिनांत होत नाही. मग ज्या लहान बदलांना तारा मिळतो त्यांतले बरेचसे योगायोगाने फुगलेले असतात. ते पुढच्या प्रयोगशाळेत दिसत नाहीत यात नवल नाही.

एरर बारबद्दल, म्हणजे स्तंभावरच्या चूक दाखवणाऱ्या रेघेबद्दल, थोडक्यात. तीन आकड्यांची प्रमाण त्रुटी (सरासरीच्या अंदाजातली चूक) प्रमाण विचलनाच्या ५८ टक्केच असते, म्हणून लेखक ती दाखवतात आणि आकृती नीटनेटकी दिसते. पण तीन आकड्यांवरून ९५ टक्के विश्वास-अंतराल काढायचा तर तीच प्रमाण त्रुटी दोन्ही बाजूंना ४.३ पट पसरावी लागते. तीन आकडे दाखवायला तीन ठिपके पुरतात. स्तंभाची गरजच नाही.

आता मोजमापाकडे वळते, कारण आकडाच चुकीचा असेल तर कुठलीही चाचणी तो सुधारू शकत नाही. पट्ट्याचा गडदपणा आणि प्रथिनाचे प्रमाण यांचे नाते ठरावीक मर्यादेतच सरळ असते. एक्स-रे फिल्मवर ही मर्यादा फार अरुंद असते. एकदा फिल्म पूर्ण काळी झाली की प्रथिन दुप्पट असले काय नि चौपट असले काय, फिल्म सारखीच काळी. ॲक्टिन, ट्युब्युलिन, जीएपीडीएच ही लोडिंग तपासायला वापरली जाणारी प्रथिने पेशीत इतकी भरपूर असतात की नेहमीच्या लोडिंगला त्यांचे पट्टे बहुधा याच अवस्थेत असतात. एका लेनमध्ये निम्मेच सॅम्पल पडले असले तरी ॲक्टिन सारखेच दिसते, आणि आपण ‘लोडिंग समान’ असे लिहून मोकळे होतो. त्यात औषधाने ॲक्टिनच बदलत असेल तर सगळाच हिशेब कोलमडतो. शिवाय भागाकार केला की दोन्ही पट्ट्यांची चूक एकत्र येते: एकात २० टक्के आणि दुसऱ्यात १५ टक्के स्वतंत्र चूक असेल तर गुणोत्तरात सुमारे २५ टक्के. पाँसो एस किंवा तत्सम रंगाने पटलावरची एकूण प्रथिने रंगवून त्यांच्याशी तुलना करणे हा बऱ्याच वेळा जास्त भरवशाचा मार्ग आहे. काही नियतकालिकांनी आपल्या सूचनांत त्यालाच पसंती दिली आहे. बाकीच्यांनी एका ॲक्टिनच्या पट्टीवर समाधान का मानावे?

डेन्सिटोमेट्री, म्हणजे पट्ट्यांच्या गडदपणाचे मोजमाप, ज्यांनी स्वतः केली आहे त्यांना पुढची गोष्ट ओळखीची वाटेल. इमेजजे या चित्रे मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लेनभोवती चौकट आखली की पडद्यावर डोंगरासारखा आलेख उभा राहतो. प्रत्येक पट्ट्याचे एक शिखर. शिखराच्या पायथ्याशी आपण माऊसने एक रेघ ओढतो आणि रेघेच्या वरचे क्षेत्रफळ म्हणजे त्या पट्ट्याचा आकडा. गडद पट्ट्याला रेघ थोडी वर-खाली झाल्याने फारसे बिघडत नाही. फिक्या पट्ट्याला मात्र तेवढ्यानेच आकडा लक्षणीय बदलतो. आणि रेघ ओढणाऱ्याला कुठली लेन कंट्रोलची ते ठाऊक असते. कंट्रोल नेहमी डावीकडे, औषध नेहमी उजवीकडे. जेलच्या कडेच्या लेन मधल्या लेनपेक्षा वेगळ्या धावतात, कडेचे पट्टे वाकतात. त्यामुळे जागेचा परिणाम कुठला आणि औषधाचा कुठला, हे नंतर कोणालाही वेगळे करता येत नाही. सॅम्पल चिठ्ठ्या टाकून लेनमध्ये वाटणे आणि नावे झाकून मोजणे याला एक पैसाही लागत नाही. रोनाल्ड फिशर यांनी यादृच्छिक वाटणीचे तत्त्व मांडून जवळपास शतक झाले. लेखकांनी भरायच्या तुमच्या प्रश्नावलीत जनावरांच्या प्रयोगांसाठी हा रकाना बहुतेक वेळा असतो, ब्लॉटसाठी नसतो.

द्विमितीय जेलवर काम करणाऱ्यांची अडचण वेगळी आणि मोठी. पॅट्रिक ओफॅरेल यांनी १९७५ मध्ये ई. कोलाय या जीवाणूची प्रथिने विद्युतभार आणि आकार अशा दोन दिशांनी वेगळी करून १,१०० घटक दाखवले. आज अशा जेलवर हजार ठिपके मोजून प्रत्येकावर वेगळी चाचणी केली आणि औषधाचा काहीच परिणाम नसला, तरी ०.०५ च्या मर्यादेला सरासरी ५० ठिपके ‘बदललेले’ निघतील. बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांनी १९९५ मध्ये खोट्या शोधांचे प्रमाण आटोक्यात ठेवण्याची सोपी रीत दिली, ती कुठल्याही सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये मिळते. तरी दुरुस्ती न केलेल्या पी-मूल्यांची कोष्टके छापली जातात. दुसरे असे की काही जेलवर एखादा ठिपका सापडतच नाही आणि लेखक तिथे शून्य भरतात. न सापडलेला ठिपका बहुतेक वेळा फिका असतो, नसतोच असे नाही. तिथे शून्य भरले की फरक कृत्रिमरीत्या वाढतो. जेल-जेलमधला फरक कमी करायला १९९७ पासून डाईज ही पद्धत आहे. तीत दोन सॅम्पल वेगवेगळ्या रंगांत एकाच जेलवर धावतात आणि तिसऱ्या रंगात सगळ्या सॅम्पलचे मिश्रण प्रत्येक जेलवर समान मापदंड म्हणून ठेवता येते. अशा प्रयोगांत रंगांची अदलाबदल केली होती का, हे विचारणारा परीक्षक मला क्वचितच भेटला.

हे सगळे तुम्हाला जमणार नाही असे मी मानत नाही. एका पेशीविज्ञान नियतकालिकाने, ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने, २००२ पासून स्वीकारलेल्या लेखांतली चित्रे तपासायला सुरुवात केली, आणि आज अशी तपासणी बऱ्याच ठिकाणी होते. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ लेख तपासून ३.८ टक्के लेखांत संशयास्पद चित्रे असल्याचे दाखवले, त्यानंतर ही दक्षता आणखी वाढली. चित्राची नक्कल पकडण्यासाठी तुम्ही माणसे आणि सॉफ्टवेअर लावता. त्याच चित्राखालचा स्तंभ कसा आला, हे मात्र तुम्ही विचारत नाही. फसवणूक करणारे थोडे असतात. तुमच्या सूचना प्रामाणिकपणे पाळून चुकीचा आकडा देणारे फार जास्त आहेत.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

गडदपणा मोजून निष्कर्ष काढलेल्या प्रत्येक लेखाबरोबर सर्व पुनरावृत्तींचे न कापलेले ब्लॉट मूळ १६-बिट फाइलमध्ये आणि प्रत्येक पट्ट्याचा कच्चा आकडा तक्त्यात मागा. ‘प्रातिनिधिक’ एक चित्र पुरेसे मानू नका.

एन म्हणजे काय ते आकृतीखालीच लिहिणे बंधनकारक करा.

कंट्रोल १ धरून दोन गटांची टी-चाचणी केलेली असेल तर ती परत पाठवा. लॉग-गुणोत्तरांवर जोडीची किंवा एका गटाची चाचणी मागा आणि विश्वास-अंतराल मागा. तारे ऐच्छिक ठेवा.

प्रत्येक अँटिबॉडीसाठी, लोडिंगच्या प्रथिनासाठीसुद्धा, सॅम्पलचे प्रमाण टप्प्याटप्प्याने बदलून सरळ नात्याची मर्यादा दाखवायला सांगा. लेनची वाटणी कशी केली आणि मोजणाऱ्याला सॅम्पलची नावे ठाऊक होती का, हे दोन प्रश्न प्रश्नावलीत घाला. शेकडो ठिपक्यांच्या तुलनेत खोट्या शोधांचे प्रमाण आणि हरवलेल्या ठिपक्यांचे काय केले याचा खुलासा मागा.

ज्या लेखाचा मुख्य दावा अशा मोजमापावर उभा आहे, तो सांख्यिकी जाणणाऱ्या एका परीक्षकाकडे जाऊ द्या.

आणि एक मागणी थेट परीक्षकांना. न जुळणारा प्रयोग वगळा असे सुचवू नका. ब्लॉटवर बुडबुडा होता, हस्तांतरण अर्धवट झाले, असे प्रयोगाच्या वेळीच नोंदलेले कारण असेल तर लेखक तो स्वतःच वगळतील आणि तसे लिहितील. निकाल आवडला नाही हे कारण होऊ शकत नाही. विश्वास-अंतराल रुंद आला म्हणून लेख नाकारू नका. आणखी प्रयोग करायला सांगा, किंवा निष्कर्षाची भाषा मवाळ करायला सांगा.

यांतल्या काही मागण्यांनी लेखकांचे काम वाढेल, लहान प्रयोगशाळांचे जास्त. त्यासाठी नियम लागू करण्याआधी वर्षभराची मुदत द्या. कच्चे आकडे आणि चित्रे ठेवायला विनाशुल्क जागा द्या.

संपादक मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि जो निर्णय होईल, नकार असला तरी, तो कारणांसह प्रसिद्ध करावा, ही विनंती. आकड्यांचा नमुना तक्ता, लॉग-गुणोत्तरांचा हिशेब करणारी साधी फाइल आणि परीक्षकांसाठी एका पानाची तपासणी-सूची आमच्याकडे तयार आहे. मागाल तेव्हा विनामूल्य पाठवू.

आपली विश्वासू,
प्रथिनांचे मोजमाप करणारी एक जीवरसायनशास्त्रज्ञ